उकंड्यावरचं नाव

माझं जन्माचं नाव मी इथं लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे, लाज तर मी शाळेतच कोळून प्यायले. पण ते नाव दिसलं की माणूस आधी हसतो आणि मग पुढचं ऐकतो, असा माझा जन्मभराचा अनुभव आहे. अर्थ तेवढा सांगते. सकाळी घर झाडून झाल्यावर सुपलीत जे गोळा होतं आणि उकंड्यावर जाऊन पडतं, तेच माझं नाव. उकंडा म्हणजे उकिरडा. आमच्या चंद्रपूरच्या सावली तालुक्यातल्या धानाच्या गावांत उकंडाच म्हणतात.

असं नाव कोणी वैऱ्याच्या पोरीलाही ठेवत नाही. माझ्या आईनं मला ठेवलं, आणि पूर्ण विचार करून ठेवलं.

माझ्याआधी तिची दोन मुलं गेली होती. एक बाळंतिणीच्या खोलीतून बाहेरच आलं नाही. दुसरा रांगायला लागला होता. दिसायला इतका गोड होता म्हणे, की धानाच्या रोवणीला आलेल्या बाया चिखलाचे हात धुऊन त्याला बघायला यायच्या. त्याचं नावही देवाचं होतं, चांगलं भारदस्त. तो तापात गेला. आज कोणी सिकलसेल म्हणेल, कोणी मलेरिया म्हणेल. तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून आईनं कारण स्वतःच शोधलं. बाळ देखणं होतं, नाव देखणं होतं आणि ती त्याला चारचौघांत ‘माहं सोनं’ म्हणायची. ज्याला न्यायचं होतं त्याच्या कानावर ते गेलं, एवढंच तिला कळलं.

माझ्या वेळी तिनं तोंड शिवून घेतलं. बारशाला पाळणा बांधला नाही, बायांना बोलावणं केलं नाही. मला जुन्या सुपात घातलं, अंगावर लुगड्याचा फाटका तुकडा टाकला आणि घरामागच्या उकंड्यावर नेऊन ठेवलं. ठरल्याप्रमाणे गल्लीतून एक बाई आली. ती ढिवराच्या घरची, गावच्या तलावात मासे धरून विकणारी. तिची सगळी मुलं जगली होती, म्हणून तिचा हात चांगला असं गाव मानायचं. आम्ही मुलं पुढे तिला झिंगेवाली मावशी म्हणायचो, कारण तिच्या टोपलीत मासे कमी आणि झिंगेच जास्त असायचे.

"हे कोनं फेकलं वं इथी?" मावशीनं विचारलं.

"मले काय माईत," आई म्हणाली. "कचरा हाय, पडला असन."

"कोनाचा हाय?"

"कोनाचाच नाई."

"मंग मी घेऊन जातो." आमच्याकडे बायकासुद्धा ‘जातो, येतो’ असंच बोलतात.

मावशीनं मला उचलून आपल्या घरी नेलं. संध्याकाळी आई तिच्या दारात गेली आणि सूपभर कोंडा देऊन तिनं मला विकत आणलं. धान नाही, तांदूळ नाही, कोंडा. बैलापुढे टाकतात तो. इतक्या हलक्या मालावर कोण डोळा ठेवणार, अशी त्यातली समजूत. हे सगळं मला मावशीनंच सांगितलं, आणि दरवेळी सांगताना ती माझ्या किमतीत थोडी भर घालायची. लहानपणी एक सूप होतं, माझ्या लग्नापर्यंत त्याचं पोतं झालं होतं.

तशी दगडू, धोंडू, भिका ही नावं आमच्याकडे गावोगावी सापडतील. पण बाकीच्या आया नाव ठेवून मोकळ्या झाल्या. पोर पाचसहा वर्षांचं झालं, धडधाकट दिसलं, की त्यांना धीर यायचा आणि त्याच दगडाला त्या ‘दगडूराजा’ म्हणून मांडीवर घ्यायच्या. माझ्या आईला तो धीर कधी आला नाही. तिनं नाव ठेवलं आणि शेवटपर्यंत निभावलंही. मी मावशीची, तिच्याकडून आणलेली, असंच ती जगाला सांगत राहिली. माझा पहिला फ्रॉक दुसऱ्याच्या मुलीचा उतरलेला होता आणि दुसराही. माझे केस शेजारीण विंचरायची. आई मला जेवायला वाढायची, ताप आला तर उशाशी बसायची, पण कोणी आलं की उठून चुलीकडे जायची. कोणी म्हणालं, "बाई, पोरगी तं हुशार दिसते तुही," की ती लगेच म्हणायची, "माही नाई जी ते. आन हुशार कायची, ढेकूळ हाय."

लहान मुलाला यातली भीती दिसत नाही. मला दिसायचं ते एवढंच, की बाकीच्यांना आई आहे आणि मला एक बाई वाढते.

चौथीत मी शाळेत पहिली आले. आमच्या गुरुजींना कौतुकाची हौस होती. त्यांनी मैदानात गाव गोळा केलं, मला खुर्चीवर उभं केलं आणि विचारलं, "हिची आई कुठं आहे? पुढं या." आई शेवटच्या ओळीत डोक्यावरून पदर घेऊन बसली होती. ती हलली नाही. गुरुजी तिच्यापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, "ही तुमचीच ना?"

"नाई जी," आई म्हणाली. "त्या झिंगेवालीची हाय."

सगळं मैदान हसलं. ते माहीत असलेलं हसू होतं, त्यात वाईट काही नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी खुर्चीवरून उडी मारली आणि सरळ तलावावर पळत गेले. मावशी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून जाळं सोडवत होती. मी तिला सांगितलं की मी तुझ्याचकडे राहणार, मला परत घे.

मावशीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "माह्या घरी झिंगे निवडा लागते. निवडशीन?"

मी दुपारभर झिंगे निवडले. बोटांना वास लागला तो पुढे साबणानंही निघेना. ऊन उतरल्यावर मावशी म्हणाली, "चाल, घरी सोडतो तुले."

"मले नाई जायचं. ते मले आपली म्हनत नाई."

"म्हनन कशी? म्हनली तं घेऊन जाईन ना तो." मावशीनं आभाळाकडे हनुवटी केली. तिनंही त्याचं नाव घेतलं नाही.

घराच्या वळणावर आई उभी होती. चूल पेटवलेली नव्हती. मला पाहिलं आणि ती आत गेली, मी मागोमाग गेले, तिनं भात टाकला. मला तिचा इतका राग आला होता की भातात मीठ नव्हतं तरी मी मागितलं नाही.

पुढे डी.एड. केलं, मास्तरीण झाले. शाळेत शिकवायला लागल्यावर कळलं की नावाचं वेड आपल्याच घरात नाही. एका पोराचं नाव तहसीलदार होतं. त्याच्या बापाला कचेरीत फार हेलपाटे पडले असतील, म्हणून त्यानं घरीच एक तहसीलदार काढला. गृहपाठ न आणल्याबद्दल मी त्याला अंगठे धरायला लावायचे आणि मनातल्या मनात सगळ्या तालुक्याचा सूड घ्यायचे. हल्लीच्या पोरांची नावं आईबाप मोबाईलमधून काढतात. अर्थ विचारला तर म्हणतात, "मॅडम, इंटरनेटवर चांगला दाखवला होता." नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचे, आणि सगळे हसायचे. माझं स्वतःचं जन्माचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कारण तोवर माझं लग्न झालं होतं आणि नाव बदललं होतं.

ते लग्न मोडता मोडता राहिलं. नवरा कुरखेड्याकडचा, तोही मास्तर. लग्न लागलं, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. मुलीचा हात सासूच्या हातात द्यायला आई पुढे यायला हवी होती. आई गोठ्यामागे जाऊन उभी राहिली. तिच्या जागी मावशी पुढे झाली, नवं लुगडं नेसून, आणि माझा हात धरून म्हणाली, "माही पोर तुमच्या पदरात घातली बाई."

नवऱ्याचे काका उठून उभे राहिले. त्यांना कुठूनतरी अर्धवट कळलं होतं की मुलगी ढिवराच्या घरून विकत आणलेली आहे. "पोरगी नेमकी कोनाची हाय, ते सांगा अगुदर," ते म्हणाले. वडील समजावू लागले, तर काका ऐकेनात. कोणी आईला आणायला गोठ्याकडे धावलं. काकांनी तिलाच विचारलं, "बाई, खरं सांगा. पोरगी तुमची का त्यायची?"

माझं लग्न तिच्या एका शब्दावर अडलं होतं. मी तिच्याकडे पाहत होते आणि मनात म्हणत होते, आता तरी म्हण. आईचा चेहरा पांढरा पडला होता. ती म्हणाली, "त्यायची हाय."

काकांनी वऱ्हाडाला बसमध्ये बसायला सांगितलं. तेव्हा माझी सासू पहिल्यांदा बोलली. म्हातारी बाई, दिवसभर कोपऱ्यात बसून होती. "बसा खाली," ती दिराला म्हणाली. "तुमचं नाव काय हाय? दगडच ना? तुमाले कोनं इकलं होतं ते इसरले का?" काका खाली बसले. सासूनं माझा हात मावशीच्या हातातून घेतला आणि गोठ्याकडे बघून मान हलवली. तिला सगळं समजलं होतं. सासूचे माझ्यावर पुढे बरेच उपकार झाले, पण त्या एका वाक्याची सर कशाला नाही.

त्या घरी ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. सुंदर नाव होतं, पहाटेशी संबंध असलेलं. सासरी सगळे मला त्या नावानं हाक मारू लागले, शाळेत तेच, रेशनकार्डावर तेच. आईनं ते कधी उच्चारलं नाही. मोबाईल आल्यावर फोन करायची आणि मीच उचलला तरी विचारायची, "मास्तरीन हाय का?"

मला मुलगी झाली तेव्हा मी हट्टानं शोधून शोधून देखणं नाव ठेवलं. बारशाला आईला मुद्दाम पाळण्याजवळ बसवलं. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बाया गाणं म्हणू लागल्या आणि आई कानावर पदर ओढून बाहेर निघून गेली. मी तिच्या मागे गेले. इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर पडलं. म्हणाले, "तुह्या त्या भेवापायी मले माय भेटली नाई."

आई आंगणात बाजेवर बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. "मले तं तू भेटली ना," ती म्हणाली.

मी आत गेले आणि घुगऱ्या वाटल्या. राग मात्र गेला नाही. ती माझ्या मुलीला ‘उंदरी’ म्हणायची, आणि मुलगीही निर्लज्जासारखी त्या हाकेला ओ देत तिच्या मांडीवर चढायची. त्या दोघींचं जमलं. त्यांचं जमलेलं बघून मला बरं वाटायचं आणि आतून जळायलाही व्हायचं, दोन्ही.

झिंगेवाली मावशी गेली ती म्हातारी होऊन, आपल्या अंगणात, सुनांच्या हातांत. मी मातीला गेले होते. मला चुलत्याच्या मरणाला रडू आलं नव्हतं, इथं आलं. आई माझ्या शेजारी उभी होती. परत येताना तिनं वाटेत मला थांबवलं आणि विचारलं, "आता तू कोनाची?"

मला वाटलं, दुःखानं बोलते आहे. मी म्हटलं, "कोनाची म्हंजे काय? घरची हाय मी आपल्या."

"तसं नाई." ती घाबरलेली होती. "इचारलं कोनं, तं कोनाचं नाव सांगू मी?"

पन्नाशी ओलांडलेली मी, डोक्यात पांढरे केस, लेक नागपूरला नोकरीला, आणि माझी आई अजून मला कुठं लपवायचं याच्या विवंचनेत. मला हसू आलं. मी तिला म्हटलं, आता मला नेऊन कोण काय करणार, दात पडायला आले. ती हसली नाही. त्यानंतर ती लोकांसमोर माझ्याशी आणखीच तुटक वागायला लागली. मी घरी गेले की शेजारणीला सांगायची, "गावातली हाय, बसाले आली."

त्याच वर्षी धान निघाल्यावर आंघोळ करताना माझ्या हाताला छातीत गाठ लागली.

गाठ लागल्यावरचं सगळं जगासारखंच झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. आधी दुर्लक्ष केलं, मग चंद्रपूरला दाखवलं, तिथून नागपूरला पाठवलं. आईला मी काही सांगणार नव्हते. तिनं ते माझ्या मुलीकडून काढून घेतलं आणि पिशवी भरून दारात येऊन उभी राहिली. नको म्हटलं तर म्हणाली, "मी तुह्यासाठी नाई येत. मले नागपूर पाह्यचं हाय."

दवाखान्यात आम्ही तिघी. नवरा बाहेरची धावपळ करत होता, मुलगी डॉक्टरांशी बोलायची आणि आई माझ्या कॉटपासून दोन हात दूर, खाली चटईवर बसून असायची. शेजारच्या कॉटवर जिवती गावाकडची एक म्हातारी होती. तिची सून बोलकी, सगळ्या वॉर्डाची चौकशी करणारी. तिनं पहिल्याच दिवशी आईला विचारलं, "मावशे, तुमची कोन लागते हे?"

"कोनी नाई," आई म्हणाली. "गावची हाय. सोबतीले आलो."

"मोठं मन हाय तुमचं," ती सून म्हणाली. नंतर तिनं मला हळूच सांगितलं की आजकाल पोटची पोरं सोबतीला येत नाहीत आणि ही परकी बाई रात्रंदिवस जमिनीवर पडून आहे. मी हो म्हटलं. मुलगी मात्र चिडायची. ती शिकलेली, तिला वाटायचं आजीनं निदान इथं तरी हे थांबवावं. "आई, तिला एकदा स्पष्ट सांग ना," ती मला म्हणायची. मी कूस बदलायचे. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. माणूस आजारी पडला की लहान होतो. मला तिनं जवळ येऊन बसावं असं वाटत होतं, आणि ते मागायची लाज वाटत होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी काही लपवलं नाही. गाठ काखेपर्यंत गेली आहे, उघडल्यावरच कळेल किती पसरलं ते, आपण प्रयत्न करू, असं म्हणाले. मुलगी प्रश्न विचारत राहिली. आई चटईवर बसून सुपारी कातरत होती. तिला त्यातलं काही समजलं नसेल असं आम्ही धरून चाललो.

सकाळी सिस्टरनी केसांच्या दोन वेण्या घालायला सांगितल्या. मुलीनं कंगवा घेतला, तर आई उठली आणि तिनं तो तिच्या हातातून काढून घेतला. कॉटवर चढून माझ्या मागे बसली. तिचे गुडघे माझ्या पाठीला लागले. आयुष्यात पहिल्यांदा ती माझे केस विंचरत होती, भर वॉर्डात, सगळ्यांदेखत.

"केस पाहा कसे हायत माह्या लेकीचे," ती मोठ्यानं म्हणाली.

जिवतीची सून चहा गाळता गाळता थांबली. "लेक हाय तुमची? तुमी तं गावची म्हनत होत्या!"

"माही हाय. पोटची हाय. एकलीच हाय मले." आईचा आवाज चढत गेला. "मास्तरीन हाय. हिच्या हाताखालचे पोरं सायेब झाले. अशी लेक गावात कोनाची नाई." आणि मग तिनं मला हाक मारली. तांदळात लिहिलेल्या नावानं. ते नाव तिला पूर्ण येत होतं, एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

माझ्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, ऐकलंस ना? आजी बघ काय म्हणते!" ती म्हणाली.

मी ऐकलं होतं. चौथीपासून जे ऐकायचं होतं ते ऐकलं होतं. डॉक्टर बोलले तेव्हा मी घाबरले नव्हते, इतकी आता घाबरले.

"आई, तू असं काऊन बोलून राह्यली?" मी विचारलं.

तिचे हात केसांतून फिरत होते. "आता कोनापासून लपवू वं? पाह्यलं ना त्यानं तुले. काल डाक्टर बोलला ते समजलं मले. जाऊ दे. एकडाव म्हनून घेऊ दे मले."

म्हणजे तिनं सोडून दिलं होतं. जन्मभर ज्याच्यापासून मला राखलं, त्याच्यापुढे ती आता हरली होती, आणि जाता जाता लेकीला लेक म्हणून घेत होती. मी वळले. एक वेणी झाली होती, दुसरी तिच्या हातातून सुटली. मला असा राग आला की हाताला लावलेली सलाईनची सुई विसरून मी तिचं मनगट धरलं.

"त्यानं पाह्यलं नाई अजून," मी म्हटलं. "तू अशी बोंबलशीन तं पाहीन तो. गप बैस."

"बाई..."

"मी तुही नाई. समजलं? मी तुही कोनी नाई. आन ते नाव नोको घेऊ माहं. तू ठेवलं तेच घे."

मुलगी म्हणाली, "आई, काय बोलतेस तू हे?" मी तिला हातानंच थांबवलं. मला तिच्याकडे बघायला सवड नव्हती. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. ती सावकाश कॉटवरून खाली उतरली, कंगवा मुलीच्या हातात दिला आणि पदर डोक्यावर घेतला.

जिवतीच्या सुनेला काही उमगेना. "मंग मावशे, खरं काय समजाचं आमी? तुमची का नाई?"

आईनं आपली चटई उचलली. ती माझ्या कॉटपासून लांब, खिडकीखाली नेऊन टाकली.

"माही नाई जी ते," ती म्हणाली. आवाज नेहमीचा, कोरडा. "काई कामाची नाई. अशीच आली सोबत."

दुसरी वेणी मुलीनं घातली, रडत रडत, वेडीवाकडी. स्ट्रेचर आलं. नवरा एका बाजूनं चालू लागला, मुलगी दुसऱ्या बाजूनं. आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. दार येईपर्यंत मी मान वळवून तिच्याकडे बघत होते. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मी मनात म्हणत होते, नको बघू, आई, अजिबात नको बघू.